चौथ्या गाण्यातली हाक

थोरला सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचा. धाकटा पंक बँडमध्ये गायचा, म्हणजे घरच्यांच्या मते बोंबलायचा. बाप जाऊन वर्ष व्हायच्या आत धाकट्याचा पहिला अल्बम आला आणि "ऐकून सांग, दादा" एवढ्या निरोपासकट थोरल्याच्या फोनवर येऊन पडला.

घरामागच्या खोलीत, तोंडात खिळे धरून, थोरल्याने तो लावला. पत्र्याचं कपाट जिन्यावरून ओढत न्यावं तशी गिटार, आणि ड्रमवाल्याच्या मागे जणू कुत्रं लागलेलं. दुसऱ्या गाण्यात मात्र त्याचा हातोडा नकळत ड्रमबरोबर पडायला लागला. तिसरं, गोड बोलून गळा कापणाऱ्यांवरचं, त्याला चक्क आवडलं. भावाचा राग खरा होता. पण राग जपायलाही सवड लागते, आणि ती सगळी धाकट्याच्याच वाट्याला आली होती.

चौथं गाणं खोकल्याने सुरू झालं. हातोडा थांबला. खोकला बाबांचा होता. शेवटच्या आजारपणात धाकटा पाहुण्यासारखा चार दिवस येऊन गेला, तेव्हा उशाशी फोन ठेवून बसायचा तो हा आवाज टिपायला. खोकल्यामागून हाक आली, "कुठे मेलास रे?" आणि लगेच ड्रम कोसळले. पुढे धाकटा तीच हाक घसा फाटेपर्यंत ओरडत राहिला. घर सोडून गेलेल्या पोराला बाप शिव्या घालतो, असं ते गाणं होतं.

बाप शिवराळ होता, हात उगारणारा होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण ही हाक धाकट्याला नव्हतीच. बाप अंथरुणाला खिळल्यापासून उठता-बसता ती या खोलीत यायची. कधी भांडं द्यायला, कधी कूस बदलायला. मग थोरला हातातलं काम टाकून "आलो, बाबा" म्हणत पळायचा.

बायको चहा घेऊन दारात उभी राहून ऐकत होती.

"आयत्या बिळावर नागोबा," ती म्हणाली. "घाण तुम्ही काढलीत, आणि शिव्यासुद्धा भावजींच्या नावावर."

थोरल्याने भावाला फोन लावला.

"ती हाक मला होती."

"माहितीये, दादा. पाठोपाठ तुझं 'आलो, बाबा'पण होतं. पण तिथे ड्रम हवे होते ना, म्हणून तुझं कापलं."

"कापलंस."

"अरे, गाण्याला लागतं तसं. त्या जागी लोक वेडे होतात. एकदा येऊन बघ तरी."

"खुर्ची द्यायचीये आज," म्हणून थोरल्याने फोन ठेवला.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. इतक्या वर्षांच्या उस्तवारीचे दोन शब्द उरले होते, तेही भावाला अडचणीचे झाले. अल्बम पुसून टाकायचा म्हणून त्याने फोन पुन्हा हातात घेतला. पण बाबांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. सेवा करणाऱ्याला तो फोनमध्ये भरून ठेवायचं कुठून सुचणार?

त्याने चौथं गाणं पुन्हा लावलं आणि हातोडा उचलला. खोकला. मग, "कुठे मेलास रे?"

"आलो, बाबा," थोरला म्हणाला. हातोडा टाकून तो अर्धा उठलाही होता. ड्रमच्या दणदणाटात ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.