पिवळ्या दिव्यांखाली

भागूबाईने अठरा वर्षं टोमॅटो निवडले. कळंबजवळ पुनमचंद शेठच्या शेडात दारालगतची जागा तिची. पायाशी सकाळचं ऊन, पुढ्यात ढीग, शेजारी बायांच्या गप्पा. लांबच्या बाजाराला नुकता रंग धरलेला माल लागायचा. बुडाशी रुपयाएवढी लाली दिसली की फळ त्या क्रेटमध्ये, पिकलेलं जवळच्या बाजाराच्या ढिगात. तिचा हात चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पुढे शेठचा मुलगा हितेश कारभार पाहू लागला. त्याने चांगल्याच हेतूने शेड सुधारलं. दार बंद झालं, पंखे आले, उभं राहून निवडायला टेबलं आली आणि चिलटं येऊ नयेत म्हणून पिवळे दिवे. गप्पा बंद. प्रत्येकीच्या क्रेटवर तिचा नंबर.

महिन्याभरात भागूबाईचे तीन क्रेट लांबच्या बाजारातून हिरवे म्हणून परत आले. आणखी एक आला तर निवडीतून काढावं लागेल, असं हितेशने बजावलं. आपले डोळेच गेले असं तिने धरलं. घरी न सांगता मंचरला डॉक्टरांना दाखवून आली. नजर चांगली आहे म्हणाले, तशी ती जास्तच खचली; मग आपला अंदाजच गेला म्हणायचा.

एका दुपारी भाकरी खायला बाहेर पडताना टोमॅटो हातातच राहिला. आत रंग धरलेलं वाटलेलं फळ उन्हात बुडापर्यंत हिरवंगार होतं.

चौथा क्रेट परत आला, त्या दिवशी तिने धीर केला. "शेठ, ह्या दिव्यात रंग कळत न्हाई."

"बाकीच्यांना कसा कळतो मग, मावशी?" हितेशने सगळ्यांकडे पाहिलं.

एकही मान वर झाली नाही. शंका आली की बाकीच्या बाया फळ जवळच्या बाजाराच्या ढिगात लोटत. तो ढीग कुणी तपासत नसे.

दुसऱ्या दिवसापासून ती बाहेर हौदावर क्रेट धुवायला लागली. तिच्या शेजारी निवडणारी हर्षाली दुपारी जवळ येऊन बसली.

"मावशी, मी बोलायला पायजे व्हतं."

"बोलली असतीस तर तूबी हितंच आली असतीस. दोघींना पुरतील एवढं क्रेट न्हाईत."

जवळच्या बाजाराचा टेंपो समोरच भरत होता. उन्हात भागूबाईला स्पष्ट दिसलं, क्रेटमागून क्रेट नुकता रंग धरलेल्या फळांचे. तिचा ओला हात त्यांच्याकडे गेला. मग तिने तो मागे घेतला आणि ब्रश उचलला.