दिरांनी ठरवलेला कोंबडा

मासळी कळते म्हणून कोंबडीही कळते, असं कुणी सांगितलं होतं आमच्या थोरल्या दिरांना? ते बोटीचे तांडेल. समुद्रात त्यांचा शब्द शेवटचा असतो, ते बरोबरच आहे. पण घरातही चुलीपासून खुराड्यापर्यंत त्यांचाच शब्द शेवटचा, हे कुठलं बरोबर? नवरा माझा त्यांच्याच बोटीवर, म्हणून तो मूग गिळून बसणार. सासूला थोरला म्हणजे देवच. राहिले मी एकटी तोंड चालवायला. ती गोष्ट आठवली की अजून माझं डोकं तापतं, म्हणून एकदा सांगूनच टाकते.

मी बोईसरला मासळी विकायला जाते. तिथल्या वसाहतीत माझं एक नेहमीचं घर होतं, विदर्भातली बाई. मासे तिला खायला कमी आणि गप्पा मारायला जास्त लागायचे. तिनं गॅलरीत शोभेच्या बुटक्या कोंबड्या पाळल्या होत्या. नवऱ्याची बदली झाली तशी तिनं सगळ्या वाटून टाकल्या आणि एक पिल्लू माझ्या टोपलीत ठेवलं. म्हणाली, "ताई, हे बँटम आहे. कितीही वाढलं तरी कबुतराहून थोडंच मोठं होईल. नर की मादी ते मात्र मलाही अजून कळत नाहीये."

राखाडी-पिवळं, आणि पायांवर पार नखांपर्यंत पिसं. आमच्या कोंबड्या मानमोडीच्या रोगात एकामागून एक गेल्या होत्या, खुराडं ओस पडलं होतं. मी त्याला डालग्याखाली ठेवलं आणि दोन दिवसांत ते माझ्या पायांत घुटमळायला लागलं. भाकरी थापायला बसले की पदरावर चढायचं. मला त्याचा लळा लागला, यात लपवायचं काय?

दिरांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. "कसला बँटम न् फिंटम! गावठीचाच खुजा पिल्लू हाय. पायाला पिसं म्हंजे रोग." वसाहतीतल्या बाईनं मला मोबाइलवर शोभेच्या कोंबड्या पाळणाऱ्यांच्या ग्रुपात घातलं होतं, तिथं मी फोटो टाकला. तिथंही तीच तऱ्हा! एक म्हणे कोचीन, दुसरा म्हणे छे, ब्रह्मा जातीची मिसळ. तिसऱ्यानं लिहिलं, "देसी है, काट डालो." मेल्याचं कुणी घोडं मारलं होतं का? बाईनं तेवढं धड सांगितलं. शेपटीच्या बुडाशी पाठीवर लांब, टोकदार पिसं आली तर कोंबडा, गोल राहिली तर कोंबडी. जात बुटकी आहे, उशिरा कळेल, घाई करू नका.

आणि घाई तर आमच्या घरी झालेलीच होती. गेल्या मोसमात भर दर्यात बोटीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा दिरांनी देवीला कोंबडा बोलला होता. नवसाचा कोंबडा आमच्यात विकतचा चालत नाही, घरात वाढलेला लागतो, आणि नरच लागतो. कोंबडीचा मान देवी घेत नाही. बोट पुन्हा दर्यात जायच्या आधी नवस फेडायला हवा होता, आणि घरात जीव म्हणावा असा एकच होता, माझा. म्हणजे हिशोब सरळ होता. नर निघाला तर देवीला, मादी निघाली तर माझ्याजवळ.

मी रोज सकाळी पिल्लाच्या पाठीवरची पिसं बघायला लागले आणि मनात म्हणायला लागले, बाई हो गं, बाई हो. या घरात पोर व्हायच्या वेळी असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी सासूनं तोंड फिरवलं होतं.

पिसं गोलच राहिली. पण पावसाळ्यात तुरा एकदम लालभडक झाला आणि दिरांना तेवढं पुरलं. "बघ, तुरा बघ! कोंबडाच हाय."

"दादा, आरवत कुठं हाय?"

"आरवंल. लहान हाय अजून."

"पाठीवर हात ठेवला का खाली बसते. पंख पसरून बसते."

"भितो तो."

मग त्यांनी जे केलं ते आमच्याच घरात होऊ शकतं. पिल्लाला उताणं धरलं आणि अंगठ्यानं पोट चेपत गेले, बोय किंवा घोळ मासा घेताना पोटात अंड्यांची गाबोळी आहे का बघतात तसं. पुढून मागं, मागून पुढं. आणि सासूकडे बघून म्हणाले, "गाबोळी नाय. नर हाय." सासूनं मान डोलावली! मी म्हटलं, "दादा, हा मासा नाय." तर केवढे भडकले. "जन्म दर्यात गेला माझा. नर-मादी तू शिकवतेस मला?"

मी पाय रोवून उभी राहिले. म्हटलं, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा. आरवला तर मीच आणून देते, अंडं घातलं तर पुन्हा नाव काढायचं नाही. ते "बरं, बघू" म्हणाले. तांडेलाचा शब्द आहे म्हणून मी गप्प बसले. शब्द कसला, माझ्या तोंडाला पानं पुसली होती.

पौर्णिमेच्या आधीच्या मंगळवारी मी बोईसरहून परत आले तर डालगं उताणं पडलेलं. सासू ओट्यावर, समोर ताट, ताटात ती. पिसं काढून झालेली, पायांवरची तेवढी राहिलेली. "देवळात मान देऊन आला थोरला," सासू म्हणाली. "आता साफ कर. तुझा हात हलका हाय."

मी सुरी घेतली आणि पोट उघडलं, कारण मला खरं काय ते बघायचंच होतं. पाठीच्या कण्याला लागून पिवळे बलक होते, बारीक मोत्यांपासून चांगल्या सुपारीएवढ्यापर्यंत, आणि खाली एक अख्खं अंडं, कवच अजून मऊ. दिरांनी चेपलं तेव्हा पोटात नव्हतंच काही, होतं ते पाठीला, अंगठ्याला लागणार कसं? आणि तुरा लाल झाला होता तो अंड्यावर आली म्हणून. एका दिवसात घातलं असतं तिनं.

ते ताट मी तसंच दिरांच्या पुढ्यात आदळलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला क्षणभर वाटलं, वाईट वाटलं असेल. कसलं काय! सासूनं तोंडात मारून घेतलं, "अगो बाय, देवीला तलंग कापली, अंड्यावरची कोंबडी!" आणि दीर माझ्यावरच उलटले, "तुला म्हाईत होतं तर सांगितलं का नाय?"

सांगितलं का नाही! महिनाभर मी काय भिंतीशी बोलत होते?

"हळू बोल," ते म्हणाले. "उद्या बोईसरवरनं एक कोंबडा आण. घरचाच हाय म्हणू. खलाशांना कळता कामा नये."

खलाशी समोरच्या मांडवात जाळी दुरुस्त करत बसले होते. मी ताट उचललं आणि सरळ त्यांच्यात नेऊन ठेवलं. "बघा, तुमच्या तांडेलानं नवसाला काय दिलंय." सगळ्यांचे हात थांबले. त्यातला वयस्क खलाशी ताटावर वाकला आणि म्हणाला, "आता आमी बोटीवर चढायचं कसं?"

म्हणजे यांनाही बोटीचंच पडलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली, रागानं की कशानं कोण जाणे. मी ताट परत उचललं, परसात गेले, शेवग्याखाली खड्डा खणला आणि तिला अंड्यासकट आत ठेवलं. सासू मागून धावत आली. "अगं, देवीचा मान मातीत घालतेस?"

"कोंबडी तुमची देवी घेत नाय ना?" मी म्हटलं. "मग ही माझी." आणि माती लोटली.