काळ्या मातीतली निब्लिक

वाशीमच्या गोल्फचे किस्से सांगायला बसलो की आमची मंडळी उठून आत जाते. एकाला हात लावावा तर मागचे दहा ओढत येतात, त्याला मी काय करू? आणि वाशीमला गोल्फ होता, हेच आधी कुणाला पटत नाही. होता बाबा! इंग्रज होता तेव्हा होता.

कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे सरकारी मैदान होतं. गवत नावापुरतं. भोकाभोवती तेल मारलेली वाळू, तिला आम्ही ब्राऊन म्हणायचो. बाकी सगळी आपली काळी जमीन. माघ सरला की तिला अशा भेगा पडायच्या की चेंडू आत गेला तर वाकून बघावं लागे. देशी मेंबर आम्ही तिघं. मी वकील, इंझोरीचे जमीनदार नानासाहेब आणि कापडवाले रऊफभाई. चौथे साहेब, म्हणजे इथले गोरे अधिकारी. हा नाद त्यांनीच लावला.

*

नानासाहेब खेळायला दमणी घेऊन यायचे. बैल जुंपलेली, गादी घातलेली, आणि गादीवर गोल्फच्या सगळ्या काठ्या आडव्या. फटका मारायचा, दमणी पुढे, परत फटका. एकदा बैलानं ब्राऊनवर शेण टाकलं आणि साहेबांचा चेंडू नेमका त्यात थांबला. दुसऱ्या दिवशी नियम लागला: ज्याला जेवढं खांद्यावर पेलेल तेवढंच न्यायचं.

नानासाहेबांचा खांदा नाजूक. तिथून आमची पंचाईत सुरू झाली, की उंच उडवायच्या काठ्यांपैकी न्यायची कोणती. आता त्यांना वेज म्हणतात. तेव्हा निब्लिक.

*

मी मुंबईहून नवी, जाड तळाची निब्लिक मागवली. वाळूतून चेंडू लोण्यासारखा निघतो म्हणे. निघत असेल, वाळूतून! आमच्या वाळलेल्या मातीवर तिचा तळ असा उसळला की चेंडू थेट सडकेवर गेला आणि सर्व्हिस मोटारीच्या खिडकीतून आत. मोटार निघून गेली. संध्याकाळी ड्रायव्हर घरी हजर. "वकीलसाहेब, तुमची गोटी मंगरूळले जाऊन आली."

ती निब्लिक मी परत हातात धरली नाही.

*

रऊफभाईंची पातळ धारेची होती. ती भेगेत बरोबर शिरायची, पण शिरली की निघायची नाही. एकदा चेंडू राहिला बाजूला आणि आम्ही तिघं मिळून काठी उपटत होतो. दांडा मोडला तेव्हा रऊफभाई इतके हसले की खाली बसले.

मी आणि नानासाहेब मात्र एकमेकांकडे बघत राहिलो. आदल्या पावसाळ्यात रऊफभाईंची बायको वारली होती. तेव्हापासून दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचं कामसुद्धा भाऊच करायचा. घरी शब्द नाही, मशिदीतून सरळ घरी. हा माणूस तोंड उघडायचा तो फक्त या मैदानावर.

*

आणि तेच मैदान जायची वेळ आली. जिनिंगवाल्यांनी कापसाच्या गाड्या उभ्या करायला जागा मागितली. साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की तुम्ही खरे खेळाडू असाल तर जागा ठेवतो. रविवारी माझा पाहुणा येतोय, आम्हा दोघांना हरवून दाखवा. साहेब शब्दाचे पक्के. आम्हाला धाक त्याचाच होता.

रऊफभाई एवढंच म्हणाले, "हे गेलं तर मी जाऊ कुठं?"

खेळणार ते आणि नानासाहेब. माझी मोटारीची कीर्ती झाल्यामुळे मी पंच.

मग सुरू झाली निवड. रोज संध्याकाळी चेंडू मुद्दाम भेगेत टाकायचा आणि एकेक निब्लिक लावून बघायची. पातळ रुतते, जाड उसळते. नानासाहेबांना रात्री झोप लागेना. शेवटी त्यांनी स्वतःची जुनी निब्लिक घेतली आणि ओसरीवर बसून तिची धार दगडावर घासली. थोडी घासायची, मैदानावर यायचं, मारून बघायचं, परत घासायची. शनिवारी ती अशी जमली की भेगेतून चेंडू ढेकळासकट अलगद वर आला. रऊफभाईंनी काठीवरून हात फिरवला. बाकीच्या निब्लिक सगळ्या घरी ठेवायच्या, दोघांनी मिळून हीच वापरायची, असं ठरलं.

*

रविवारी पाहुणा आला. अकोल्याचा गोरा इंजिनियर, दिलखुलास माणूस. आमच्या काठ्या बघता बघता त्यानं ती निब्लिक उचलली, हवेत दोनदा फिरवली आणि म्हणाला, "बहोत अच्छा!"

आता इंझोरीच्या घरची रीत अशी, की पाहुण्यानं वस्तूला चांगलं म्हटलं की यजमानानं 'तुमचीच हाय' म्हणायचं. पाहुणा रीतीनं 'राहू द्या' म्हणतो आणि वस्तू जागची हलत नाही. नानासाहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आपही का है साहेब, ले जाइये."

"थँक यू," म्हणून त्यानं ती आपल्या पिशवीत घातली.

मी नानासाहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, मागा परत, गंमत केली म्हणा, काहीही म्हणा! ते घामानं थबथबलेले. "वकीलसाहेब, दिलेलं कसं मांगू?" रऊफभाई खाली मान घालून पहिल्या भोकाकडे चालायला लागले.

तरी लढले हो दोघं! निब्लिकशिवाय, जपून, भेगा चुकवत चुकवत. शेवटच्या भोकापर्यंत बरोबरी. रऊफभाईंचा चेंडू भोकाशेजारी, एका टिचकीचं काम. पाहुण्याचा ब्राऊनच्या अलीकडे, भेगेत. त्याला तिथून दोन फटके लागले तर बरोबरी, तीन लागले तर मैदान आमचं. आणि त्या भेगेतून दोनात कोण निघतो!

पाहुण्यानं पिशवीत हात घातला आणि निब्लिक काढली.

चेंडू ढेकळासकट अलगद वर आला, ब्राऊनवर पडला, घरंगळत गेला आणि सरळ भोकात.

साहेबांनी टोपी काढली. एका फटक्यानं मैदान गेलं होतं. पाहुण्याला कोणीतरी कानात सगळं सांगितलं असावं, कारण तो ओशाळून नानासाहेबांकडे आला आणि निब्लिक दोन्ही हातांनी पुढे केली. नानासाहेबांनी आपले हात पाठीमागे नेले.

रऊफभाई हळूच म्हणाले, "घेऊ नका नानासाहेब. आता मैदानच नाई, काठीचं करता काय?"

नानासाहेबांनी डोळे पुसले, पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला साहेब, जेवून घ्या. रोडगे लावले हायेत."