एसीला वाहिलेल्या अक्षता

आमच्या सावेडीच्या घरात एअर कंडिशनर आला तेव्हा आजूबाजूच्या निम्म्या प्लॉटांवर अजून ज्वारीच उभी असायची. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. वडिलांची, म्हणजे अण्णांची, तेलाची गिरणी होती. ओळखीतल्या एका साहेबाची बदली झाली आणि त्याच्या खिडकीतलं ते जुनं धूड अण्णांनी टेम्पोत घालून घरी आणलं. उकाड्याचं आपलं निमित्त, खरं कारण माझी मोठी बहीण. ताईला दोन स्थळांकडून नकार आला होता. एकांना ती बुटकी वाटली, दुसऱ्यांना सावळी. बैठकीत पाहुण्यांना गार हवा लागली की त्यांची मतंही जरा मऊ पडतील, असं अण्णांच्या डोक्यात होतं. मला हा शुद्ध खुळेपणा वाटायचा, पण सतरा वर्षांच्या धाकट्या मुलीला विचारतो कोण?

ताईनं आईला बजावलं होतं, "हे तिसरं स्थळ. यांचाही नकार आला तर पोह्यांची बशी घेऊन मी पुन्हा कुणापुढे यायची नाही." ती चिडून बोलली असती तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण ती गवार मोडता मोडता अगदी शांतपणे बोलली.

खंडेनवमीला आमच्याकडे गिरणीतल्या यंत्रांपासून घरातल्या विळीपर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची. त्या वर्षी आईनं एसीलाही सोडलं नाही. हळदकुंकू वाहिलं, जाळीच्या फटींत झेंडूच्या पाकळ्या खोचल्या आणि मूठभर अक्षता इतक्या भक्तिभावानं टाकल्या की निम्म्या यंत्राच्या पोटात गेल्या.

"अगं आई, आत जातायत."

"जाऊ देत. पूजेत खोड काढू नये," आई म्हणाली.

एसीच्या आतल्या गार नळ्यांवर हवेतल्या दमटपणाचं पाणी धरतं. ते खालच्या तबकात पडतं, मागच्या भोकातून घराबाहेर ठिबकतं. म्हणून तर ते मशीन बाहेरच्या अंगाला किंचित उतरतं बसवतात. पण भोकच बुजलं तर पाणी जाणार कुठे? आमच्या तबकात अक्षता फुगल्या, हळदीची लापशी झाली, पाकळ्या कुजल्या. बाहेरचं ठिबकणं थांबलंय हे आईच्या लक्षात आलं होतं म्हणा. बोळातला चिखल गेला म्हणून ती खूश होती.

दसरा झाल्यावर सोनईचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि स्थळ आणणारे आमचे लांबचे मामा. पाऊस नुकताच उघडला होता, हवा चिकट होती. अण्णांनी सकाळपासून मशीन चालू ठेवलं होतं आणि गार हवा बघायला आळीतली माणसं सारखी दार उघडून डोकावत होती. दर वेळी बाहेरची दमट हवा आत. मुलाला आणि त्याच्या आईला मानानं ऐन एसीखालच्या कोचावर बसवलं होतं.

ताई पोहे ठेवून खाली मान घालून बसली. मुलाच्या आईनं "भाकरी थापाया येती का?" असं विचारलं आणि तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं. "छत गळतंय का काय वो?"

"छे छे," अण्णा म्हणाले, "दव आहे ते. मशीन चांगलं असल्याचं लक्षण."

"व्हय, लई भारी मशीन हाय," मामांनी री ओढली.

मुलाच्या वडिलांनी तळवा पुढे धरला. "लक्षण जरा जोरात हाय."

मग धारच लागली. तरी कुणी जागचं हललं नाही. पाहुण्यांसमोर घरातली चूक कबूल करायची नाही, हा आमच्याकडचा कडक कायदा. मी परात घेऊन आले तर आईनं असे डोळे वटारले की मी ती पाठीमागे लपवली. पँटची इस्त्री मोडू नये म्हणून मुलानं पाय वर घेतले.

ताई उठली. पदर खोचला, आधी बटण बंद केलं. "मावशी, तुम्ही इकडे कोरड्यात बसा," म्हणून त्यांना हाताला धरून हलवलं. स्टुलावर चढून जाळी काढली, अंबाड्यातला आकडा उपसला आणि भोकात खुपसला. पिवळाधमक गोळा हातात आला. पाणी गुडगुडत बाहेर गेलं.

"आई, हा तुझा भात," ताई म्हणाली.

मुलाचे वडील खो खो हसले. आम्ही नाही हसलो. दाखवायला बसवलेली मुलगी स्टुलावर चढते म्हणजे तिसरा नकार नक्की, असं मी धरून चालले. आई तर देवापुढेच जाऊन बसली. त्यानंतर एसीला तिनं कधी अक्षता वाहिल्या नाहीत, लांबूनच निरांजन ओवाळायची.

आणि मामा होकार घेऊन आले! "पोरगी कामाची हाय म्हनत्यात."

आईनं मामांच्या हातावर साखर ठेवली. तेव्हा दारातून ताई म्हणाली, "मला नाही करायचं."

अण्णांचा आवाज चढला. "काय कमी आहे त्याच्यात?"

"त्याची आई शेजारी भिजत होती, अण्णा. यानं आधी आपले पाय वर घेतले."

अण्णा उठले. मला वाटलं, आता हात उचलतात. ते मामांकडे वळले. "त्यांना कळवा, आमच्या मुलीला मुलगा पसंत नाही."

मामांना काही उमगेना. "म्हंजी, त्यांनी न्हाई म्हनायचं ना?"

"नाही. हिनं म्हटलंय."

असं वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. अण्णांचा एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. दोन नकार कोरड्या डोळ्यांनी पचवलेली ताई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडली.