चार बोटं बर्फ

अगं मृणाल, अशी दारात उभी राहू नकोस. जवळ ये, हीटरपाशी बस. आणि आत्ता काय म्हणालीस ते परत म्हण. "मावशी, इट्स ऑल व्हाइट आउट देअर, लेक मस्त गोठलंय, आम्ही शनिवारी फिशिंगला जातोय." माझ्या सख्ख्या बहिणीची लेक तू, नेपरव्हिलहून इतका ड्राइव्ह करून आलीस, आणि मावशी ज्या दुकानात काउंटरवर उभी असते तिथे न विचारताच सगळं ठरवून मोकळी झालीस. रागावत नाही गं. पण पांढरं म्हणजे मस्त, इथेच चुकलं. पांढऱ्या बर्फात हवा असते, ताकद निम्मीच. चांगला बर्फ काळसर दिसतो, काचेसारखा. आणि वर स्नो पडला की त्याची गोधडी होते, खालचा बर्फ जाड व्हायलाच मागत नाही.

तुला एक सांगते. तुझ्या आईलाही मी हे पूर्ण सांगितलेलं नाही.

आमचं बेट शॉप म्हणजे मासे धरायच्या सामानाचं दुकान. गळ, दोरे, आणि आमिषाला लागणारे जिवंत छोटे मासे, त्यांना मिनो म्हणतात. तुझे काका इथल्या पेपर मिलमध्ये लागले, मी घरात बसून बसून कंटाळले. मी रत्नागिरीकडची, मासा बघून नाक मुरडत नाही. दुकानाचा मालक रॉय, त्याला तेवढं पुरलं. बाकी सगळं मी त्याच्याकडे बघून बघून शिकले.

दाराशी तो फळा आहे ना, त्यावर हिवाळा लागला की बर्फ किती जाड ते लिहितात. कुठे मोजला, कोणी मोजला, कधी मोजला. पहिल्या वर्षी मी हौसेने खाली 'सेफ' लिहिलं, तर रॉय ओला फडका घेऊन आला.

"सुधा, आपण मिनो विकतो. सेफ विकत नाही."

आता जे सांगतेय त्याला चार वर्षं झाली. डिसेंबरचा पहिला आठवडा, शनिवारची सकाळ. दोन मुलगे आले. एक इथलाच, डेव्ह. दुसरा बारीक अंगाचा, कानटोपी थेट भुवयांपर्यंत. त्याने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं आणि हळूच विचारलं, "मराठी का?"

"नाहीतर काय, नॉर्वेची?"

तो इतका हसला की डेव्हही उगीच हसला. शिरीष त्याचं नाव. अमरावतीचा. तासाभरावरच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता, डेव्ह त्याचा लॅबमधला पार्टनर. डेव्हच्या अंकलची केबिन होती पश्चिम काठाला.

"मावशी, हे मिनो जिवंत आहेत?"

"तुझ्यापेक्षा जास्त. तू थंडीने निळा पडलायस."

कितीतरी दिवसांनी काउंटरवर मराठी बोलत होते. मला थांबवत नव्हतं. रॉय मागून म्हणाला, "इंग्लिश, सुधा, गिऱ्हाईक घाबरेल." मी म्हटलं, "हे गिऱ्हाईक माझं आहे."

मग शिरीषने फळा वाचला. पूर्वेचा काठ, चार इंच, रॉय, काल. "आणि पश्चिमेला?"

"तिथे कोणी मोजलेलं नाही. तिथे क्रीक, म्हणजे ओढा, येऊन मिळतो. वाहतं पाणी असलं की वरचा बर्फ पातळ राहतो. तिकडे जाऊ नका."

"पण केबिन तिकडेच आहे, मावशी. काठाकाठानेच बसू."

मग मी त्याला सगळं शिकवलं. खरंच सगळं. दोघांनी बरोबर चालायचं नाही, अंतर ठेवायचं. मागच्याच्या हातात दोर. पुढच्याकडे स्पड, म्हणजे आपली पहार, ती आपटत जायचं. दर दहा पावलांवर भोक पाडून मोजायचं. आणि हे खिळे गळ्यात. लाकडाच्या दोन मुठी, टोकाला खिळा, मध्ये दोरी. आत पडलास तर ज्या बाजूने आलास तिकडेच तोंड करायचं, खिळे बर्फात रोवायचे, पाय मारत पोटावर वर यायचं. वर आलास तरी उठून उभं राहायचं नाही, लोळत जायचं.

त्याने खिळे गळ्यात घातले. "झालं माझं लग्न."

"आणि बर्फ किती हवा? चार बोटं. काळा, काचेसारखा. त्याहून कमी दिसला की मागे फिरायचं, मासा बोलावत असला तरी."

"चार बोटं," तो म्हणाला, आणि पंजा वर करून चार बोटं जुळवून मला दाखवली.

मी मान हलवली. मला वाटलं, आकडा दाखवतोय.

आमच्या घरी इंचाला बोटच म्हणत, मृणाल. माझी आई ब्लाउज शिवायची. टेपवरच्या इंचाच्या खुणा तिच्या लेखी बोटं. "दोन बोटं सैल सोड, चार बोटं घडी घे." मी तशीच वाढले. इतक्या वर्षांत इथे कोणाला मराठीत बर्फ सांगायची वेळच आली नव्हती.

दुपारी शेरिफच्या ऑफिसचा डेप्युटी डेव्हला घेऊन दुकानात आला. डेव्हच्या अंगावर ब्लँकेट होतं. शिरीषला बाहेर काढलं होतं, पण बाहेर काढून उपयोग नव्हता. डेप्युटीला रिपोर्ट लिहायचा होता, सामान कुठून घेतलं, कोणी काय सांगितलं.

"मॅम, तुम्ही त्याला किती बर्फ सांगितला?"

"चार इंच."

"त्याने मोजला का?" डेप्युटीने डेव्हला विचारलं.

"प्रत्येक वेळी मोजला. तीन भोकं पाडली. दर वेळी ग्लव्ह काढायचा, भोकात हात घालायचा, असा." डेव्हने ब्लँकेटमधून हात बाहेर काढला, चार बोटं जुळवली आणि आडवी धरली. "म्हणायचा, फोर. आँटी सेड फोर."

मग पुढे दहा पावलं पुरी व्हायच्या आत बर्फ फुटून तो पाण्यात गेला. डेव्ह सांगत होता. खिळे गळ्यात होते, त्याने रोवलेही, पण दर वेळी कड मोडून हातात यायची. ज्या बाजूने आला होता त्याच बाजूला तोंड केलं होतं. डेव्ह पोटावर पडून राहिला, दोर फेकला. दोर त्याच्या हातापर्यंत पोचला. पण तोवर त्याची बोटं मिटेनात.

मी ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि तिच्यावर माझी चार बोटं ठेवली. तीन इंचसुद्धा भरत नव्हती. आणि त्याचा हात माझ्याहून बारीक.

डेप्युटीने लिहिलं, दुकानाने चार इंचांचा सल्ला दिला होता. कागद अगदी बरोबर होता. बोटांचं मी बोलले नाही. डेप्युटी गेल्यावर रॉयला सांगितलं. त्याने जाळी घेऊन मिनोच्या टाकीतले मेलेले मासे काढले. मग म्हणाला, "तू चार म्हणालीस, त्याने चार ऐकलं. इथेच सोड."

त्याला कसं कळणार. शिरीषने निष्काळजीपणा केला असता तर मी रडले असते आणि कधीतरी गप्प झाले असते. त्याने माझा शब्दन् शब्द पाळला.

महिन्याभराने त्याच्या आईला पत्र लिहिलं. पत्ता डेव्हने आणून दिला. मी लिहिलं, तुमचा मुलगा शेवटच्या सकाळी हसला होता, मराठीत बोलला होता, मी इथली एक मावशी. बोटांचं लिहायला हात धजला नाही. त्यांचं उत्तर आलं. अक्षर सुरेख, शाळेतल्या बाईंसारखं. पत्र पोचल्याचं लिहिलं होतं, माझे आभार मानले होते. आणि खाली एकच ओळ विचारली होती. 'त्याचं इंग्रजी तसं कच्चंच होतं, तिकडे त्याला नीट मराठीत समजावून सांगणारं कोणी नव्हतं का?'

ते पत्र घरी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. उत्तर मी किती वेळा लिहायला घेतलं ते विचारू नकोस. अजून गेलेलं नाही.

तेव्हापासून या काउंटरवर मी बर्फ तोंडी सांगत नाही. प्रत्येकाला लाकडी पट्टी देते, टोकाला वाकडा खिळा आहे. तो भोकातून खाली घालून बर्फाच्या तळाला अडकवायचा आणि वर आकडा वाचायचा. चारच्या खुणेवर लाल रेघ आहे. लोक हसतात, म्हणतात, आमच्याकडे टेप आहे. मी म्हणते, असू दे, ही पण ने. जिवाचं माप शब्दात सांगायचं नसतं, हातात द्यायचं असतं. मी शिकले ते एवढंच, आणि ज्याच्या उपयोगी पडलं असतं तो नाही.

तर या शनिवारचं कॅन्सल कर. रुसलीस तरी चालेल. नाताळच्या सुट्टीत बर्फ धरला की सगळ्यांना घेऊन ये, पण सकाळी लवकर ये, आणि थेट लेकवर जायचं नाही, आधी इथे यायचं. तुझी पट्टी मी काउंटरखाली ठेवून देते.