तू आधी नीघ

आज सकाळी फडताळ पुसताना त्या जुन्या सर्किट बोर्डावर चुन्याची पांढरी भुकटी दिसली. हिरवा, तळहाताएवढा बोर्ड. त्यावर काळ्या चौकोनी चिप्स. पुण्यात मी नोकरीला होते त्या प्रयोगशाळेतला, अनेक चिप्सनी मिळून चालणारा समांतर संगणक भंगारात निघाला, तेव्हा मी त्यातला हा बोर्ड मागून आणला होता. भुकटी मात्र आमच्या छताची. म्हणजे परवाच्या हादऱ्याने चुना या फडताळापर्यंतही गळला होता. आमच्या शिरड शहापूरच्या बाजूला जमिनीतून अधूनमधून आवाज येतात, ढग गडगडावेत तसे, पण पायाखालून. कधी नुसता आवाज, कधी त्यामागून हादरा. बाहेरगावचे लोक विचारतात, आता सवय झाली असेल ना? छे! उलट हल्ली शेजारी कुणी लोखंडी खाट ओढली तरी माझा हात भिंतीकडे जातो.

त्या चिप्सची रचना मला अजूनही मोहवते. प्रत्येक चिप म्हणजे वेगळं बिऱ्हाड: स्वतःचं डोकं, स्वतःची जराशी स्मृती आणि शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या चार तारा. सगळ्यांचं मिळून एक माजघर नाही. शेजाऱ्याच्या मनातलं कळायचं ते तारेवरून येईल तेवढंच. शिवाय नियम असा, की बोलणाऱ्याने ऐकणारा तयार होईपर्यंत थांबायचं आणि ऐकणाऱ्याने बोलणारा येईपर्यंत. एकदा आमचं अख्खं यंत्र मध्येच गप्प झालं. दिवे सुरू, वीज सुरू, आणि आत काहीच हलेना. आम्ही नवखी मंडळी घाबरून एकेक चिप तपासत बसलो. आमच्या वरिष्ठ बाई निवलेला चहा पीत शांतपणे म्हणाल्या, “एकही बिघडलेली नाही. सगळ्या सभ्य आहेत. दुसरीने आधी बोलावं म्हणून प्रत्येक चिप थांबलीय. अशा कायमच्या थांबतील.” मग त्यांनी एकीला आधी बोलायला लावलं आणि यंत्र चालू लागलं. बाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचं ते ‘कायमच्या’ मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

परवा सकाळी मी स्वयंपाकघरात होते. आधी भांडी वाजली, मग आवाज आला. मी आतल्या खोलीकडे धावले. वडील दाराची चौकट धरून उभे होते.

“बाबा, चला बाहेर!”

“तू आधी नीघ. मी येतोच.”

“न्हाई, तुमी आधी.”

“काहून उभी राहून राहिलीस? नीघ म्हणतो ना!”

आई गेल्यापासून ते हसत हसत म्हणतात, आता मी राहिलो काय अन् गेलो काय. त्या हसण्यावर माझा विश्वास नाही. म्हणून त्यांना मागे सोडून माझा पाय निघेना. आणि लेक बाहेर पडल्याशिवाय त्यांचा पाय निघणार नव्हता. ओढून न्यावं तर हात लावताच ते चौकट आणखी घट्ट धरतात, हे मागच्या खेपेला पाहिलं होतं. डोक्यावर चुना गळत होता आणि आम्ही दोघं समोरासमोर थांबलो होतो, अगदी सभ्यपणे. तेव्हा मला ते गप्प पडलेलं यंत्र आठवलं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. कुणीतरी आधी हलायलाच हवं होतं. मी पाठ फिरवली आणि पळत सुटले.

अंगणात पोहोचले. गल्लीत सगळे बाहेर आले होते, कुणी लेकरांना हाका मारत होतं. आमचं दार रिकामं होतं. आवाज थांबला, तरी ते रिकामंच. त्यांच्या मनात काय आहे हे मला बाहेरून कळत नव्हतं. ते येतोच म्हणाले होते, एवढंच माझ्याकडे होतं. आत जावं तर पुन्हा तेच, न जावं तर...

मग ते आले. भिंत धरत, सावकाश. दुसऱ्या हातात माझ्या चपला होत्या.

“अनवाणीच पळालीस,” ते म्हणाले. “काटे हायत ना भायेर. खाटेखाली गेल्या व्हत्या, घावतच न्हवत्या.”

मी चपला घातल्या आणि तिथेच रडले. ते माझ्याकडे बघत राहिले, यात रडण्यासारखं काय आहे अशा चेहऱ्याने.

आता मी दिवसभर घरात चपला घालूनच वावरते. ते पाहून हसले. जमीन पुन्हा कधी बोलेल सांगता येत नाही. बोलेल तेव्हा मला पुन्हा आधी निघावं लागेल, हे मला पक्कं कळलंय. भीती वाटते ती एवढीच, की चपला माझ्या पायात दिसल्या तर ते आत थांबून माझं आणखी काय शोधत बसतील.