शेत कंपनीचं, आवाज अप्पांचा

माझं चॅनेल काही मोठं नव्हतं. मोबाईलवर मी शेतीचा एक गेम खेळायचे, त्याचं रेकॉर्डिंग टाकायचे आणि त्यावर बोलायचे माझे वडील, अप्पा. हिर्डोशीत जन्मभर भात-नाचणी केलेला माणूस. गेममधला शेतकरी बी टाकतो आणि लगेच कापणीला लागतो, हे बघून त्यांचं डोकं फिरायचं. पीक पिवळं झालं की आधी खोकायचे, मग सुरू.

"रोपासाठी राब भाजला न्हाई, चिखलणी न्हाई, थेट कापणी व्हय? आणा ह्याला हिकडं, आवणाला, रोपं लावाया उभा करा. दुपारपातूर कंबर धरून बसंल." लोक यासाठीच यायचे. गेम कोण बघतंय!

गावात रेंज नाही. व्हिडिओ चढवायला आम्ही दोघं घाटाकडच्या वळणापर्यंत चालत जायचो. चढला की मी तो मोबाईलमधून पुसून टाकायचे, पुढच्याला जागा लागायची म्हणून. तिकडं आहे ना, मग इथं कशाला, हा माझा शहाणपणा. माझ्याच हाताने मी पायावर धोंडा पाडून घेत होते.

अप्पा गेले. मला भोरला नोकरी लागली, आईलाही घेऊन आले. इथं रेंज भरपूर. रोज संध्याकाळी भाकऱ्या थापताना आई म्हणायची, "लाव त्यांना." मी लावायचे. मोबाईलमध्ये उतरवून ठेवायला हवं असं मनात यायचं, आणि राहून जायचं.

एका सकाळी चॅनेल उघडेना. गेमच्या कंपनीने एकदम तीन तक्रारी केल्या होत्या. चित्र आमचं, संगीत आमचं, परवानगी नाही. तीन तक्रारी झाल्या की चॅनेल बंद.

मी कंपनीला लिहिलं, पुन्हा लिहिलं. गेम तुमचा, मान्य. चित्र काळं करा, पण माझ्या वडिलांचा आवाज तेवढा द्या. गाढवापुढे वाचली गीता. छापील उत्तर आलं, निर्णय अंतिम. असा संताप आला! शेत तुमचं, धून तुमची, पण माझा बाप तुमचा कधी झाला? ऑफिसच्या जिन्यात बसून मी खूप रडले.

आईला चार दिवस रेंज नाही म्हणून थापा मारल्या. शेवटी सांगून टाकलं. तिने परात पुढ्यात ओढून पीठ घेतलं. मग म्हणाली, "ते शेत तरी हाय का?"

शेत होतं. गेमला काय धाड भरली होती! मी तो लावला. तोच शेतकरी, तीच धून. बी टाकलं, पीक पिवळं झालं. आईने परातीतला हात थांबवला आणि मला गप्प बसायची खूण केली.

आम्ही दोघी कान देऊन बसलो. धून संपली आणि पुन्हा पहिल्यापासून वाजू लागली.